केमोच्या गोळ्या, विडीची कात्री आणि सासूबाईंचे तळहात

पत्र : माझ्या सासूबाई 56 वर्षांच्या आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांची केमोथेरपी सुरू झाली आहे. दर तीन आठवड्यांनी एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनचे सलाइन आणि त्यानंतर 14 दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशा आठ फेऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या फेरीत बाराव्या दिवसापासून त्यांच्या तळहातांची आग होऊ लागली आणि टाचा दुखू लागल्या. गोळ्या संपल्यावर ते कमी झाले. त्या तीस वर्षे विड्या वळत आहेत आणि आताही वळतात. डॉक्टरांना सांगितले तर ते औषध बंद करतील, या भीतीने त्या हात दाखवायला तयार नाहीत. शेजारच्या बायका मेंदी लावा, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवा, असे सांगतात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना बर्फाचे हातमोजे घातलेले पाहिले; तसे आपणही करावे का? येत्या सोमवारी दुसरी फेरी आहे. शिवाय सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत अनवाणी अडुसष्ट लिंगांचे दर्शन घेईन, असा नवस त्या बोलल्या आहेत. आम्ही काय करावे?
— एक सून, सोलापूर

प्रिय ताई,

तुमचे पत्र वेळेवर आले, याचे मला फार बरे वाटले. पहिल्या फेरीतला त्रास सौम्य होता, गोळ्या संपताच तो ओसरला आणि दुसरी फेरी अजून सुरू व्हायची आहे. केमोथेरपीमुळे हातापायांच्या त्वचेला होणाऱ्या या त्रासात कातडी फुटल्यानंतर लावलेल्या दहा मलमांपेक्षा ती फुटण्याआधी घेतलेली काळजी अधिक उपयोगी पडते, आणि ती सुरू करायला तुमच्याकडे सोमवारपर्यंतचे दिवस आहेत.

तपशिलाकडे वळण्याआधी सासूबाईंच्या भीतीविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत चिंतेची गोष्ट मला वाटली ती हीच, की त्या हात दाखवत नाहीत. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि कर्करोगाचे उपचार घेणारे अनेक रुग्ण मी तपासले आहेत. मूठ मिटून समोर बसलेला माणूस मला आता लगेच ओळखू येतो. काही वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कामगाराने मला फक्त तळहात दाखवले. ते थोडेसेच लाल होते, म्हणून मी क्रीम लिहून दिले आणि त्यांना चपला काढायला सांगायचे माझ्याकडून राहून गेले. चार दिवसांनी ते दोन्ही तळपायांवर मोठे फोड घेऊन, मुलाच्या खांद्याचा आधार घेत पुन्हा आले. गोळ्या बंद होतील म्हणून ते बोलले नव्हते आणि मी विचारले नव्हते. त्या दिवसापासून मी आधी पाय पाहते.

सासूबाईंना जवळ बसवून सांगा, की त्रास सौम्य असताना कळला तर डॉक्टर बहुधा गोळ्या चालूच ठेवतात आणि त्वचेची निगा वाढवायला सांगतात. वेदना होऊ लागल्या आणि रोजची कामे अडू लागली, तर गोळ्या काही दिवस थांबवतात, त्वचा सावरली की पुन्हा सुरू करतात आणि गरज पडल्यास मात्रा थोडी कमी करतात. असे थांबणे आणि मात्रा बदलणे हे या औषधाच्या वापराच्या नियमांतच धरलेले आहे. त्यासाठी कोणी रुग्णाला दोष देत नाही आणि त्याने उपचार वाया जात नाही. उलट त्रास लपवून गोळ्या घेत राहिले, तर कातडी सोलवटते, जखमा होतात आणि मग खरोखरच कित्येक आठवडे औषध बंद ठेवावे लागते. डॉक्टरांनी थांबवलेल्या दिवसांच्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात, हेही त्यांना आवर्जून सांगा. शिल्लक राहिलेल्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून मागाहून घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

आता हा त्रास का होतो ते थोडक्यात सांगते, कारण ते कळले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. डॉक्टर याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. कॅपेसिटाबिनची गोळी शरीरात गेल्यावर तिचे 5-फ्लुओरोयुरॅसिल या औषधात रूपांतर होते आणि ते झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर काम करते. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण तळहात आणि तळपायांची त्वचाही सतत झिजत आणि नव्याने घडत असते. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तेल पाझरणाऱ्या ग्रंथी मात्र मुळीच नसतात, त्यामुळे ही त्वचा कोरडी पडली तर स्वतःला सावरू शकत नाही. त्यातच शरीराचा सगळा भार आणि दिवसभराचे काम याच त्वचेवर पडते. उष्णता, दाब आणि घर्षण या तीन गोष्टी मिळाल्या, की आधीच नाजूक झालेल्या त्वचेचा दाह वाढतो. कॅपेसिटाबिनच्या मोठ्या चाचण्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास कमी-जास्त प्रमाणात झालेला आहे आणि तो बहुधा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच डोके वर काढतो. त्यामुळे आपण काही चुकलो म्हणून हे झाले, असे सासूबाईंनी मानू नये.

उष्णता, दाब आणि घर्षण हे तीन शब्द लक्षात ठेवून त्यांच्या दिवसाकडे पाहिले, तर पहिली अडचण विडीची दिसते. मांडीवर सूप घेऊन बसायचे, भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून बोटांच्या टोकांनी वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. हजार विड्यांच्या मजुरीसाठी हे सारे हजार वेळा करायचे. कात्रीची कडी अंगठ्याच्या आणि बोटाच्या त्याच जागी तीस वर्षे रुतत आली आहे, आणि सासूबाईंच्या हाताला तिथे घट्टा पडलेला असणार. केमोथेरपीत अशाच जागा आधी दुखतात. शिवाय भेगाळलेल्या त्वचेत तंबाखूची पूड जाऊन आग होते आणि निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आठही फेऱ्या संपेपर्यंत त्यांनी विड्या वळू नयेत. हे लिहिताना त्या मजुरीवर घरातले काय काय अवलंबून असू शकते, याची मला जाणीव आहे. पूर्णपणे थांबणे अगदीच अशक्य असेल, तर निदान गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या सुटीच्या आठवड्यात कात्रीला हात लावू नये. एरवी बसल्या तर थोडा वेळच बसावे, कात्रीच्या कड्यांना मऊ सुती पट्टी गुंडाळावी आणि उठल्यावर हात सौम्य साबणाने धुऊन लगेच क्रीम लावावे. वळलेल्या विड्या मोजायचे काम त्यांच्याकडे आणि वळायचे दुसऱ्या कोणाकडे, अशी वाटणी घरात होत असेल तर तीही चालेल.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातली. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळणे, परातीत तळहाताने थापणे, तापलेल्या तव्यावर पाणी फिरवणे आणि वाफेत हात घालून भाकरी उलटणे, यांत ती तिन्ही कारणे एकत्र येतात. भाकरीचे काम या काळात तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी घ्या. कोणालाच सवड नसेल त्या दिवशी, आपल्याकडे कडक भाकरी विकतही मिळते आणि ती खाल्ल्याने कोणाचा संसार मोडत नाही. खलबत्त्यात शेंगाचटणी कुटणे, तारेच्या घासणीने भांडी घासणे, चादरी धुऊन पिळणे ही कामेही त्यांच्याकडून काढून घ्या. भांड्यांसाठी रबराचे हातमोजे घालावेत, असे अनेकांना वाटते, पण गरम पाण्यात रबर आतली उष्णता धरून ठेवते. घालायचेच झाले तर आत पातळ सुती हातमोजे हवेत आणि पाणी साधे हवे. नळाला पाणी येण्याचा दिवस विशेष सांभाळा, कारण घरातले सगळे घाईत असताना जुनी माणसे न सांगता कळशी उचलतात. भरलेल्या बादलीची तारेची कडी दोन मिनिटे धरली, तरी तिचा वळ तळहातावर दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत राहतो. भजनी मंडळात जात असतील तर जरूर जाऊ द्या, फक्त टाळ आणि टाळ्या इतरांकडे राहू द्या.

आंघोळ कोमट पाण्याने करावी. कढत पाण्याने अंग शेकण्याची सवय असेल, तर ती या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावी लागेल. अंग पुसताना टॉवेल घासू नये, नुसता टिपावा. आपल्या सोलापुरी टॉवेलचे लूप नवे असताना चांगलेच खरखरीत असतात, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेला जुना टॉवेल त्यांच्यासाठी वेगळा ठेवा.

पायांकडे हातांपेक्षा जास्त लक्ष द्या, कारण ते कोणी पाहत नाही. घरातही अनवाणी न चालता सुती पायमोजे आणि मऊ, जाड तळाची चप्पल घालावी. अंगठ्याची चप्पल बोटांच्या बेचक्यात घासते आणि नवी कातडी वहाण टाचेला चावते, म्हणून दोन्ही टाळाव्यात. उन्हाळा तोंडावर आहे; एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर जातो आणि त्याच दिवसांत गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे घालायची लगबग असते. त्या तापलेल्या गच्चीवर चार पावले अनवाणी चालणेही सासूबाईंना या वर्षी महागात पडेल. जोडवी घट्ट असतील तर आताच काढून ठेवावीत, कारण बोटे सुजल्यावर ती कापावी लागतात. ही गोष्ट त्यांना रुचणार नाही हे मी जाणते, तेव्हा त्या मानत असतील तर ती देव्हाऱ्यात ठेवा आणि उपचार संपल्यावर पुन्हा घाला. अंगठीचेही तसेच. टाचांना आधीपासून भेगा किंवा घट्टे असतील, तर ते सोमवारच्या आत त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावेत. घरी वजरीने किंवा पात्याने खरवडणे मात्र आतापासून पूर्ण बंद. नखे सरळ कापावीत, कडा कोरू नयेत.

आता क्रीमविषयी. ज्या त्वचेला स्वतःचे तेल नाही, तिला ओलावा बाहेरून द्यावा लागतो, आणि त्यासाठी आजवर सर्वांत चांगला आधार मिळालेला घटक म्हणजे युरिया. शेतावर ज्यांचे येणे-जाणे आहे त्यांच्या डोळ्यांसमोर हे नाव ऐकताच खताची गोणी येते, म्हणून सांगते : औषधाच्या दुकानात 10 टक्के युरिया असलेले त्वचेचे क्रीम मिळते, तेच आणावे, खताचा युरिया पाण्यात किंवा तेलात कालवून लावण्याचा विचारही कोणी करू नये. युरिया आपल्या त्वचेत नैसर्गिकरीत्या असतो आणि पाणी धरून ठेवण्याचे काम करतो. जर्मनीत झालेली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी याबाबतीत महत्त्वाची आहे. तिच्यात कॅपेसिटाबिन घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींना 10 टक्के युरियाचे क्रीम आणि काहींना खास या त्रासासाठी तयार केलेले एक महागडे मलम दिले होते. सहा आठवड्यांत हा त्रास युरिया लावणाऱ्यांत सुमारे 22 टक्क्यांना, तर मलम लावणाऱ्यांत सुमारे 40 टक्क्यांना झाला. हे क्रीम पहिल्या गोळीच्या दिवसापासून, त्वचा चांगली दिसत असतानाच सुरू करायचे असते. सकाळी, रात्री झोपताना आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यानंतर ओलसर त्वचेवर हलक्या हाताने लावावे, चोळू नये. रात्री जाड थर लावून वर सुती मोजे घातले तर ते अंथरुणाला न लागता त्वचेतच मुरते. सुटीच्या आठवड्यातही ते चालू ठेवावे. कातडी फुटली असेल तिथे युरिया झोंबतो. तेवढ्या जागेवर तो न लावता डॉक्टरांना विचारावे.

एक नवी गोष्ट सोमवारी डॉक्टरांकडे जरूर काढा. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटाबिन घेणाऱ्या 264 रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या रुग्णांना 1 टक्का डायक्लोफेनॅक या दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक औषधाचे जेल दिवसातून दोनदा, 12 आठवडे लावायला दिले आणि उरलेल्यांना औषध नसलेले, पण तसेच दिसणारे जेल दिले. मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा त्रास जेल लावणाऱ्यांत 3.8 टक्के रुग्णांना झाला, तर दुसऱ्या गटात 15 टक्क्यांना. ज्यांची कॅपेसिटाबिनची मात्रा कमी करावी लागली त्यांचे प्रमाणही 13.5 टक्क्यांऐवजी 3.8 टक्के राहिले. सासूबाईंना मात्रा कमी होण्याचीच भीती आहे, तेव्हा हा शेवटचा आकडा त्यांना ऐकवा. याच गटातल्या सेलेकॉक्सिबच्या गोळ्यांचा उपयोग आधी दिसला होता, पण पोटातून घेतल्यावर त्या हृदयाला आणि जठराला त्रास देऊ शकतात. त्वचेवर लावलेले जेल रक्तात फार थोडे उतरते. हे औषध स्वस्त आहे आणि आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही असते.

मात्र इथे एक मोठा धोका आहे. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या बहुतेक ट्यूबमध्ये डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट, तर काहींमध्ये मिरचीपासून काढलेले कॅप्सायसिनही मिसळलेले असते. दुकानदाराकडे नुसते डायक्लोफेनॅक जेल मागितले, तर तो नकळत अशीच ट्यूब देईल आणि ती या त्वचेला लावली तर आग शमण्याऐवजी भडकेल. चाचणीत वापरलेले जेल साधे होते. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या, ट्यूबवरचे घटक दुकानातच वाचून पाहा, फुटलेल्या त्वचेवर ते लावू नका, आणि सासूबाईंना मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, दमा किंवा वेदनाशामक गोळ्यांची अ‍ॅलर्जी असेल, अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा. युरियाचे क्रीम आणि हे जेल एकाच वेळी एकावर एक न लावता त्यांच्या वेळा कशा वाटायच्या, हेही विचारून घ्या.

बर्फाच्या हातमोज्यांविषयी तुम्ही विचारलेत, हे फार चांगले केलेत, कारण सासूबाईंच्या बाबतीत उत्तर ठाम नाही असे आहे. शेजारच्या बाईंना बहुधा डोसिटॅक्सेलसारखे औषध चालू असावे. ते नखांना आणि हातांच्या त्वचेला इजा करते, आणि सलाइन चालू असताना हात गार ठेवले तर त्या वेळेपुरत्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोहोचते. फ्रान्समधल्या 2005 च्या एका अभ्यासात 45 रुग्णांच्या एकाच हाताला गोठवलेला मोजा घातला होता. नखांचा त्रास उघड्या हाताला 51 टक्क्यांत आणि मोज्यातल्या हाताला 11 टक्क्यांत झाला. तेव्हा त्या बाईंना जे केले ते बरोबरच आहे. पण सासूबाईंना ऑक्सॅलिप्लॅटिन मिळते, आणि हे औषध नसांना थंडीबाबत हळवे करते. सलाइन झाल्यानंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लागला तरी बोटांत विजेसारखी चमक किंवा मुंग्या येतात, आणि गार पाणी प्यायल्यास घसा आवळल्यासारखा वाटतो. म्हणून बर्फ, फ्रीजमधले पाणी, फ्रीजमधून काढलेली भाजी-दूध, कूलरचा थेट झोत आणि भर उन्हाळ्यात माठातले गार पाणीसुद्धा पहिल्या पाच-सहा दिवसांत टाळावे. हातापायांची आग होते म्हणून बर्फ लावायचा सल्ला त्यांना कोणीही दिला, अगदी डॉक्टरी माहितीच्या एखाद्या पत्रकात वाचला, तरी तो दुसऱ्या औषधासाठी आहे असे समजावे.

या दोन औषधांमुळे हातापायांना होणारे दोन त्रास तुम्हाला वेगळे ओळखता आले पाहिजेत. सलाइननंतर लगेचच, थंड लागल्यावर येणाऱ्या आणि त्वचेचा रंग न बदलता येणाऱ्या मुंग्या ऑक्सॅलिप्लॅटिनच्या. गोळ्यांच्या दुसऱ्या आठवड्यात येणारी आग, लाली, सूज आणि ठणका कॅपेसिटाबिनचा. पहिल्याला ऊब बरी वाटते, दुसऱ्याला उष्णता सोसत नाही. म्हणून पाणी दोन्ही वेळा कढतही नसावे आणि गारही नसावे, फार तर कोमट असावे. फेऱ्या वाढतील तशा पहिल्या त्रासातल्या मुंग्या थंडीशिवायही टिकून राहू लागल्या, ब्लाउजचे हूक लावताना किंवा सुईत दोरा ओवताना बोटे चुकू लागली, तर ते क्रीमने जाणारे दुखणे नव्हे. ते डॉक्टरांना त्याच भेटीत सांगायला हवे.

मेंदीचा गारवा क्षणभर बरा वाटतो, पण ती त्वचा कोरडी करते, काळ्या मेंदीतले रसायन पुरळ उठवते, आणि मुख्य म्हणजे तिच्या रंगाखाली लाली दिसतच नाही. मिठाचे गरम पाणी तर या त्रासाला नेमके नको ते सारे देते. हळद-तूप लावल्याने मोठा अपाय होणार नाही, परंतु हळदीचा पिवळा रंगही खालची खूण झाकतो. हौस असेल तर नुसते खोबरेल तेल क्रीमच्या वर चालेल.

पोटात घ्यायच्या गोळ्यांबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फोलिक अ‍ॅसिड कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढवू शकते, हातापायांचेसुद्धा, आणि आपल्याकडे रक्त वाढावे म्हणून मिळणाऱ्या लोहाच्या बहुतेक गोळ्यांत ते असतेच. सासूबाई अशी गोळी किंवा एखादे टॉनिक घेत असतील, तर त्याचे पाकीट घेऊन जा आणि ते चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. बी-6 जीवनसत्त्वाने हा त्रास टळतो असे पूर्वी मानत असत. चाचण्यांत तसे सिद्ध झालेले नाही, म्हणून ते आपल्या मनाने सुरू करू नये. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्याव्यात.

आपल्या सावळ्या त्वचेवर हा त्रास पुस्तकातल्या चित्रासारखा लालभडक दिसत नाही. तळहात आधी काळपट किंवा जांभळट दिसू लागतात, रेषा गडद होतात, नखांवर तपकिरी छटा येते. नुसता काळेपणा असेल आणि दुखत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. म्हणून सोमवारी सकाळच्या उजेडात दोन्ही तळहातांचे आणि तळपायांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि नंतर दर दोन दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते दाखवणे सोपे जाते. जिथे रंग पाहून कळत नाही, तिथे कामाकडे पाहा : त्यांना दोरा बांधता येतो का, वाटी धरता येते का, मोरीपर्यंत पाय नीट टाकत जातात का. ही कामे दुखत असल्यामुळे अडू लागली, तर पुढच्या सलाइनच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून गोळ्या चालू ठेवायच्या का, ते विचारा. फोड आले, कातडी सोलली, पू दिसला किंवा ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत गेला, तर फोनवर न राहता तिथे जाऊन दाखवा. याच गोळ्यांनी जुलाबही होतात. दिवसभरात एरवीपेक्षा चार किंवा त्याहून अधिक वेळा जास्त शौचाला जावे लागले, तर तेही त्याच दिवशी कळवायचे.

आणखी एक अडचण येऊ शकते. हा त्रास लांबला, तर बोटांच्या टोकांवरच्या रेषा पुसट होतात आणि स्वस्त धान्य दुकानातल्या यंत्रावर अंगठा जुळत नाही. यंत्र नाकारते म्हणून अंगठा जोरात घासून पुन्हा पुन्हा टेकवू नका. आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद असते, शिवाय नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. तो क्रमांक चालू आहे का, ते आताच पाहून ठेवा, आणि शिधापत्रिकेवर नाव असलेल्या दुसऱ्या सदस्याने अंगठा लावला तरी धान्य मिळते. औषध संपल्यावर त्या रेषा बहुधा परत येतात.

राहिला नवस. आठ फेऱ्या म्हणजे सुमारे 24 आठवडे, तेव्हा ठरल्याप्रमाणे झाले तर पुढच्या संक्रांतीला उपचार संपून काही महिने झालेले असतील आणि तळपायांची त्वचा पूर्ववत झालेली असेल. पण ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे आलेला बधिरपणा सलाइन थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, आणि बधिर पायाला खडा किंवा काच टोचलेली कळत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये त्यांच्या पायांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती चांगली असेल तर अडुसष्ट लिंगांचे दर्शन त्यांनी जरूर घ्यावे; नसेल तर चालताना पायांत मऊ बूट असू द्यावेत, किंवा एका दिवसाऐवजी अनेक दिवसांत थोडे थोडे करावे. नवस कधी फेडायचा याची मुदत त्यांनीच घातलेली आहे, ती वाढवणेही त्यांच्याच हाती आहे. उपचार चालू असताना मात्र तळ्यातल्या मंदिरात दर्शनाला गेलात तर सकाळी फरशी तापण्याआधी जा आणि पायांत सुती मोजे राहू द्या.

सोमवारी निघताना फोटो, लोहाच्या गोळ्यांचे पाकीट आणि डायक्लोफेनॅक जेलचा प्रश्न लिहिलेला कागद बरोबर घ्या, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर सासूबाईंच्या चपला तुम्हीच काढा. दुसऱ्या फेरीच्या चौदाव्या दिवशी त्यांचे हातपाय कसे आहेत, ते मला कळवा.